मिस्त्री आलाय, जरा बाहेर या!

मैत्रिणींनो, आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात अजूनही कितीतरी घरांच्या पडवीला एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. सासऱ्यांनी घेतलेला, रंग उडालेला, सीटवर गोणपाट टाकलेला. कुणाकडे मॅसी फर्ग्युसन, कुणाकडे इंटरनॅशनल, कुणाकडे झेटर. बाकीचं वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण पाऊस लागला आणि चिखलणी सुरू झाली की सगळ्या घराचा जीव त्याच्यात अडकतो. आणि नेमका तेव्हाच तो वाफा सोडत बांधावर बंद पडतो.

मग मिस्त्री येतो. बॉनेट उघडतो, मान हलवतो आणि सांगतो, "वहिनी, रेडिएटर उतरवायला लागेल. स्टिअरिंगचा दांडापण काढायला लागेल. काम मोठं आहे." आपण विचारतो, "किती होतील?" तो आकडा सांगतो. आपण आत जाऊन चहा ठेवतो. घरचा पुरुष माणूस एमआयडीसीत पाळीवर गेलेला असतो, नाहीतर सकाळच्या गाडीने मुंबईला. दागिना मोडायचा की बचत गटातून उचल घ्यायची हे आपणच ठरवतो, पण पैसे नेमके कशाचे देतोय, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

आजचा लेख त्यासाठीच आहे. पाना हातात घेऊन सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं, असं मुळीच म्हणणं नाही. पण ट्रॅक्टर उघडला जातो तेव्हा शेजारी उभं राहून काय चाललंय ते कळायला हवं. पैसा वाचतो ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टिअरिंग हा जिवाशी खेळ आहे. त्यावर आपलाच नवरा, आपलाच मुलगा बसणार असतो.

आधी थोडी ओळख

आपल्या देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडला. मॅसी फर्ग्युसन बनवणारी टाफे कंपनी १९६० मध्ये मद्रासला सुरू झाली. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि ट्रॅक्टर बनू लागले ते आपल्या कांदिवलीला. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर! एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला झेटर जातीचे ट्रॅक्टर बनवले. त्यांचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. ही यादी सांगायचं कारण एवढंच, की आपल्या दारातला ट्रॅक्टर कोणत्या घराण्याचा आहे ते माहीत असावं. सुटे भाग त्यावरून शोधायचे असतात.

रेडिएटर काढायला स्टिअरिंग कशाला खोलावं लागतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये तसं लागतही नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या अमेरिकन 'फार्मऑल' ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या हातापासून इंजिनाच्या वरून थेट पुढच्या टोकापर्यंत जातो. अशा बांधणीत दांडा बाजूला केल्याशिवाय रेडिएटर सरळ वर उचलता येत नाही. मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये मात्र स्टिअरिंगची पेटी ड्रायव्हरच्या पुढ्यातच असते आणि तिथून दोन्ही बाजूंनी दांड्या पुढच्या चाकांकडे जातात. तिथे रेडिएटर वेगळा निघतो. म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारायचा : "दादा, आपल्या ट्रॅक्टरला स्टिअरिंग का काढावं लागतं, जरा दाखवा." चांगला मिस्त्री बोट ठेवून दाखवतो. त्याला रागही येत नाही.

खरंच उतरवायला हवा का?

ट्रॅक्टर गरम होतो म्हणजे रेडिएटरच खराब, असं नसतं. उतरवायच्या आधी बिनपैशाच्या चार गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे जाळी. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये भाताचा कोंडा, पेंढ्याची कुसं, धूळ, किडे अडकून हवा जाणंच बंद होतं. इंजिनाच्या बाजूने पुढे, अशा दिशेने हलक्या धारेने पाणी मारलं तर निम्म्या वेळा तिथेच काम होतं. जोराची धार मारू नका, पत्रे वाकतात. दुसरी गोष्ट फॅनबेल्ट. तो ढिला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप नीट फिरत नाहीत. तिसरी गोष्ट पाण्याचे रबरी पाईप. खालचा पाईप मऊ पडून आत चिमटला जातो आणि पाणी अडतं. चौथी म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी छोटी झडप. ती बंद अवस्थेत अडकली तर रेडिएटर नवा टाकूनही ट्रॅक्टर उकळतच राहणार.

अजून एक खूण लक्षात ठेवा. इंजिन थंड असताना झाकण काढून मग चालू केलं आणि रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा पाण्यावर तेलाचा तवंग, दुधाळ चहासारखा साका दिसला, तर दुखणं बहुतेक हेड गॅस्केटचं असतं. तेव्हा रेडिएटरवर केलेला खर्च पाण्यात जातो, अगदी शब्दशः.

आपल्या किनारपट्टीला आणखी एक त्रास आहे. चिंचणी, तारापूर, केळवे, सातपाटी या बाजूला कितीतरी विहिरी-बोअरिंगचं पाणी मचूळ. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आतल्या नळ्यांना क्षाराचा थर बसतो, गीझरच्या कॉइलला बसतो तसाच. वरून खारं वारं लोखंड खातंच. म्हणून रेडिएटरला गोडं, स्वच्छ पाणी आणि त्यात कूलंट हवं. कूलंटमुळे गंज कमी होतो आणि पाणी उकळायला जास्त उष्णता लागते. किती मिसळायचं ते डब्यावर आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

उतरवण्याची रीत

आता समजा, उतरवायचंच ठरलं. कामाचा क्रम असा असतो.

ट्रॅक्टर सपाट जमिनीवर, सावलीत. नांगर किंवा रोटाव्हेटर खाली टेकवलेला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. स्टिअरिंग खोलणार असाल तर पुढची चाकं सरळ करून ठेवायची. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवायची. त्या वेळी हातात लोखंडी पाना आणि मनगटात बांगड्या असतील तर ठिणगी उडून भाजू शकतं, म्हणून बॅटरीला हात लावणाऱ्याने बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात.

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. प्रेशर कुकरची शिट्टी पडायच्या आधी आपण झाकण उघडतो का? इथेही तेच शास्त्र आहे. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही शांत दिसतं, आणि झाकण सुटताक्षणी फवारा तोंडावर येतो. मुलं "बघू बघू" करत जवळ येतात, त्यांना लांब ठेवणं हे आपलं काम.

मग खालची तोटी उघडून पाणी काढायचं. इंजिनाच्या अंगालाही बहुतेक वेळा एक तोटी असते, तीही सोडायची. पाणी जुन्या टबात धरायचं. त्यात कूलंट असेल तर ते विषारी असतं, आणि चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. गोठ्याजवळ, विहिरीजवळ, ओहोळात अजिबात ओतायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवायचं आणि नंतर गॅरेजवाल्याकडे द्यायचं.

पुढे बॉनेट. ते दोघांनी मिळून उचलायचं. मग वरचा आणि खालचा रबरी पाईप. जुना रबर तोंडाला घट्ट चिकटलेला असतो. तो ओढायचा नाही. आधी पिळून सुटतो का बघायचं, नाही सुटला तर ब्लेडने उभा चिरून काढायचा. पाईप नवा मिळतो, पण ओढाताणीत रेडिएटरची पितळी मान तुटली तर ती पुन्हा बसवणं महागात पडतं. इथे घाई करणारा मिस्त्री दिसला तर बेधडक सांगा, "दादा, पाईप कापा, मी नवा आणते."

मग पंख्याचा पट्टा ढिला करून पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवायचा. पंख्याचं पातं जाळीला घासलं की नळी फुटते. जुना पुठ्ठा घरात असतोच, तो आपणच पुढे करावा. शेवटी आधाराच्या सळ्या, खालचे बोल्ट आणि बोल्टखालचे रबरी तुकडे. रेडिएटर सरळ वर उचलायचा. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर चांगलेच जड असतात, दोन माणसं लागतातच.

स्टिअरिंगचा दांडा

इथे मात्र डोळ्यात तेल घालून बघा.

स्टिअरिंग चाकाच्या मधलं झाकण काढलं की खाली मोठा नट दिसतो. वर्षानुवर्षं गंजलेला नट लगेच सुटत नाही. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं तर सकाळी काम सोपं जातं. नट सोडायच्या आधी चाक आणि दांडा दोन्हींवर एका रेषेत खूण करायची. दांडा जिथे जोडला असेल त्या सांध्यावर आणि पेटीतून बाहेर येणाऱ्या दांडीवरही अशीच खूण करायची. या खुणा नसल्या तर परत बसवताना दातरे एक घर इकडेतिकडे बसतात आणि ट्रॅक्टर सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहतं.

नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे ठेवून द्यायचे आणि मग पुलर लावायचा. नाहीतर जाम बसलेलं चाक एकदम सुटून तोंडावर येतं. काही जण दांड्याच्या टोकावर घणाने ठोकतात. त्याने आटे बसतात, खालच्या बेअरिंगला मार लागतो, आणि शंभराचं काम हजारावर जातं. पुलर नसेल तर बोईसरला एखाद्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणता येतो. त्यासाठी अर्धा दिवस थांबलं तरी चालेल.

जुन्या पेट्यांमध्ये काही वेळा बेअरिंगच्या गोळ्या सुट्या असतात. दांडा बाहेर आला की त्या खाली सांडतात आणि मातीत दिसेनाशा होतात. खाली एक जुनी परात धरा, गोळ्या मोजा, डबीत भरा. झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात, त्याही तशाच मोजून, निघाल्या त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवायच्या. स्टिअरिंगला किती ढिलाई राहणार हे बऱ्याच पेट्यांमध्ये त्या चकत्यांवर ठरतं. एखादी हरवली किंवा जास्त पडली तर स्टिअरिंग जाम होतं नाहीतर डुलतं.

आणि हो, प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. कोणता बोल्ट कुठला, हे तीन दिवसांनी मिस्त्रीलाही आठवत नाही. फोटो असला की वाद नाही. सुटे भाग रिकाम्या बरण्यांमध्ये, वर नाव लिहून. मसाल्याच्या बरण्यांवर आपण चिठ्ठ्या लावतो, तशाच.

दांडा काढण्याआधी एक तपासणी मात्र करायलाच हवी. इंजिन बंद ठेवून एकीने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसरीने खाली वाकून सांध्यांकडे बघायचं. पुष्कळदा ढिलाई पेटीत नसतेच, पुढच्या चाकांजवळच्या गोल सांध्यांमध्ये, म्हणजे टाय रॉडच्या टोकांमध्ये असते. ती टोकं बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे. मोठं काम काढायच्या आधी हे बघून घ्या.

बाजारात आणि परत घरी

रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे गेलात की कामाचे तीन भाग सांगून घ्या. एक, वरचं टाकं उघडून नळ्यांमधून सळी मारणं आणि क्षार काढणं. दोन, गळक्या जागी डाग देणं. तीन, तोंडं बंद करून आत हवा भरणं आणि पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडे येतात का बघणं. ही तिसरी तपासणी आपल्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तशीच. बऱ्याच नळ्या चेपून बंद केलेल्या असतील तर पाण्याला वाट कमी होते, अशा वेळी आतला गाळाच बदलावा लागतो. किती नळ्या बंद केल्या, ते नक्की विचारा.

नवा भाग घ्यायचा असेल तर पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या रेडिएटरवरचा आणि स्टिअरिंग चाकाच्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल नसेल तर हा फायदा आपल्यापर्यंत पोचला की नाही, कळणार कसं? आणि जुना भाग नमुना म्हणून सोबत न्या. बंद पडलेल्या जातीच्या ट्रॅक्टरला तर तोच आधार. नमुना असेल तर बोईसरचा लेथवाला बुशसुद्धा करून देतो.

परत बसवताना रबरी पाईप, क्लिपा आणि स्प्लिट पिना नव्याच घालायच्या. वाकवून सरळ केलेली जुनी पिन चालत्या ट्रॅक्टरमध्ये तुटली तर सांधा निसटतो आणि स्टिअरिंग हातात राहून ट्रॅक्टर भलतीकडे जातो. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, तिच्यात काटकसर नको. पाणी भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून गळती बघायची. तेव्हा पदर, ओढणी, वेणी नीट खोचलेली हवी, पंख्याच्या पट्ट्याला कुणाची ओळख नसते. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं, कुठे अडता कामा नये. मग आधी आवारात, हळू वेगाने चालवून बघायचं. थेट चिल्हार फाट्याच्या रस्त्याला, कंपन्यांच्या टँकरांमध्ये काढायचा नाही.

नाव कुणाचं?

एक गोष्ट पान्याशिवायची. ट्रॅक्टरचं आरसी बुक काढून बघा, त्यावर कुणाचं नाव आहे? कित्येक घरांत सासरे जाऊन दहा वर्षं झाली तरी नाव त्यांचंच. मालक वारले तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचं, असा नियम आहे. उशीर झाला असला तरी काम टाळू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी फॉर्म २५. आपल्याकडचं कार्यालय वसईला, एमएच-४८. नाव जुनं आणि नोंदणी संपलेली असेल, तर अपघात झाल्यावर विम्याच्या दारात सगळ्यात जास्त हेलपाटे बायकांनाच घालावे लागतात. आणि वारसांत आपलं नाव असेल तर ते कागदावर यायलाच हवं, त्यात लाजायचं काय?

"हे बायकांचं काम नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इंग्लंडची शेती 'विमेन्स लँड आर्मी'च्या बायकांनी ट्रॅक्टर चालवून सांभाळली. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथने १९४५ मध्ये अठराव्या वर्षी सैन्याच्या महिला दलात गाडीचं इंजिन खोलायचं शिक्षण घेतलं होतं. आपल्याकडेही आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम असतो. दहावी झालेली मुलगी घरात असेल तर जवळच्या आयटीआयमध्ये तो आहे का, याची चौकशी करा. शेती अवजारांबद्दल काही विचारायचं असेल तर कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

हे काम आवणीच्या तोंडावर काढू नका. भात झोडून झालं, दिवाळी सरली की ट्रॅक्टर रिकामा असतो, मिस्त्रीही मोकळा असतो आणि भावही जरा बरा लागतो. तेव्हा वही घ्या, तारीख टाका, काय काढलं, काय बदललं, किती दिले ते लिहा. पुढच्या वेळी मिस्त्री आला की चहा जरूर द्या, पण कप हातात घेऊन बाहेर या आणि ट्रॅक्टरपाशी उभ्या राहा. पहिल्यांदा थोडं अवघडल्यासारखं होईल. दुसऱ्या वेळी मिस्त्री स्वतःच म्हणेल, "वहिनी, ही परात जरा इथे धरा."